तळ्यावरचा पहिला बर्फ: स्नोमोबाइल कधी घालायची?

उत्तरवारा | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. मिनेसोटाच्या उत्तर भागात हा माझा तिसरा हिवाळा आणि स्वतःच्या स्नोमोबाइलचा, म्हणजे हिमावर चालणाऱ्या पट्ट्याच्या गाडीचा, पहिलाच. घरामागचं तळं गोठून आज नऊ दिवस झाले. बुधवारी रात्री दोनेक इंच हिम पडलं, त्याआधी चार दिवस छान कडक थंडी होती. काल आमच्या लाकडी धक्क्यापाशी भोक पाडून मोजलं, बरोबर ५ इंच भरलं. डीएनआरच्या, म्हणजे इथल्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या तक्त्यात स्नोमोबाइलसाठी ५ ते ७ इंच दिलेत.

आज सकाळी खिडकीतून पाहतो तर कुणीतरी रात्रीच तळं पार करून गेलेलं. धक्क्यापासून समोरच्या काठापर्यंत पट्ट्याचा सरळ माग उमटलाय. मित्रांचे फोन सुरू झालेत, "चल, बर्फ धरलाय." धाकटा भाऊ मागे बसायला तयारच आहे. मला मात्र काल रात्रीपासून झोप नाही. एका भोकात पाच इंच निघाले म्हणजे तळं तयार झालं का? आणि अमुक तळं आता सुरक्षित आहे असं अधिकृतपणे जाहीर करणारं कुणी असतं का?

---

रानवाट | सकाळी ८:०५

भोकं किती पाडलीत? एकच? आणि बर्फाचा रंग काय होता? एवढं सांगितल्याशिवाय कुणाचंच उत्तर ऐकू नका.

---

पहारवाला | सकाळी ८:४०

उत्तरवारा, झोप लागली नाही हे उत्तमच झालं. अठरा हिवाळे याच राज्यात काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तळं सुरक्षित आहे असं जाहीर करणारं कुणीही नसतं. डीएनआर तळ्यांच्या बर्फाची जाडी मोजत नाही आणि कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो हे तेच दर वर्षी सांगतात. ट्रेल, म्हणजे स्नोमोबाइलच्या आखलेल्या वाटा, १ डिसेंबरला उघडतात, पण ती कॅलेंडरवरची तारीख आहे. तळ्याला तारखा कळत नाहीत. मोजायचं तुम्ही, ठरवायचंही तुम्हीच.

आता तक्ता. चालत जायला ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७, छोट्या मोटारीला ९ ते १०, त्यापुढे ट्रक वगैरे. हे सगळे आकडे नव्या, स्वच्छ, कठीण बर्फाचे आहेत. बर्फ दुधी असेल तर जाडी दुप्पट हवी. लोक आकडा पाठ करतात आणि ही अट विसरतात.

तिसरं म्हणजे धक्क्यापाशी मोजलेले पाच इंच हे फक्त धक्क्याचे पाच इंच. तिथे पाणी उथळ, वारा अडलेला, बर्फ सगळ्यात आधी तिथेच धरतो. मधला खोल भाग कधीकधी चार-पाच दिवस मागाहून मिटतो. म्हणजे एकाच तळ्यावर एकाच सकाळी नऊ दिवसांचा बर्फ असतो आणि चार दिवसांचाही, आणि वरून हिम पडलं की दोन्ही सारखेच पांढरे.

माझी पद्धत अशी. पहिल्या फेरीला स्नोमोबाइल घरीच. पायी निघायचं, अंगात लाइफ जॅकेट, हातात पहार. इथे बर्फ तपासायची खास पहार मिळते, टोकाला छिन्नीसारखी धार असते. दर दोन पावलांनी पुढे एक जोरदार घाव घालायचा. एका घावात पहार आरपार गेली किंवा पाणी वर आलं, तर आल्या पावली मागे, तेही पाय न उचलता घसटत. पहार टिकली तर गिरमिटाने भोक पाडून मोजपट्टी आत सोडायची. पट्टीचा हुक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून जी जाडी दिसते, तीच खरी. असं किमान दर १५० फुटांवर करायचं, आणि जिथून गाडी न्यायची त्याच वाटेवर. शेजारच्या वाटेवर मोजून काही कळत नाही.

---

जिज्ञासा | सकाळी ९:१०

मी नवीन आहे, म्हणून विचारते. दुधी बर्फ म्हणजे वरचं हिमच ना? खाली काळा बर्फ आहे की नाही हे वरून कसं ओळखायचं?

---

हिमगौरी | सकाळी ९:४५

जिज्ञासा, वरून ओळखता येतच नाही, म्हणून तर भोक. पाडलेल्या भोकाची कड नीट बघायची. मी गुडघे टेकून, हातमोज्याने हिम बाजूला सारून बघते. काळा बर्फ खरं तर काचेसारखा नितळ असतो, खालचं पाणी दिसतं म्हणून काळाभोर वाटतो. त्यात पांढऱ्या बारीक भेगा उभ्या उतरलेल्या दिसल्या तर त्यांच्यावरूनही जाडीचा अंदाज येतो. दुधी बर्फ म्हणजे पाण्यात भिजून मग गोठलेलं हिम. त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, म्हणून तो ठिसूळ. करडा दिसला तर त्यात पाणी आहे, त्यावर पाय ठेवू नये.

हे होतं कसं? कोवळ्या बर्फावर हिम पडलं की त्या वजनाने बर्फ खाली दबतो. मग भेगांमधून पाणी वर येतं, हिमात मुरतं आणि वरून काही न दिसता आत रबरबीत स्लश तयार होतो. वरचं हिम कोरडं, पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत पाणी. हा स्लश गोठला की दुधी थर.

शिवाय हिम म्हणजे रजई. बर्फाच्या मानाने हिमातून उष्णता खूप कमी जाते, साधारण दहावा हिस्सा. उत्तरवारा, तुमच्याकडे बुधवारी दोन इंच पडलं ना? म्हणजे बुधवारपासून तुमच्या बर्फाची वाढ मंदावली आहे, बाहेर कितीही थंडी असो. जिथे वाऱ्याने हिम उडालं तिथे बर्फ जाड, जिथे ढीग साचला तिथे पातळ. वाटतं त्याच्या नेमकं उलट.

एक बारीक खूण. भोक पाडल्यावर पाणी किती वर येतं ते बघा. बर्फाचा नऊदशांशापेक्षा थोडा जास्त भाग पाण्याखाली असतो, म्हणजे पाच इंच बर्फात पाणी वरच्या कडेपासून जेमतेम अर्धा इंच खाली थांबायला हवं. ते कडेपर्यंत आलं किंवा बाहेर सांडलं, तर बर्फावर त्याला पेलवतं त्यापेक्षा जास्त ओझं आहे.

---

बेधडक | सकाळी १०:२०

इतकं घाबरून कसं चालेल? मी पंधरा वर्षं चालवतोय. माझा नियम सोपा: कुणाचा माग दिसला की मी जातो. दुसरं म्हणजे वेग. स्नोमोबाइलचं वजन लांब पट्ट्यावर पसरलेलं असतं. वेगात असलात तर पातळ जागा कळायच्या आत मागे पडते. थांबणारे बुडतात. उत्तरवारा, माग तर समोर दिसतोय तुम्हाला. अजून काय पुरावा हवा?

---

रानवाट | सकाळी १०:२८

माग एवढंच सांगतो की त्या वेळी, त्या वजनाचं कुणीतरी तिथून गेलं. तो माणूस एकटा होता की दोघं, गाडी हलकी होती की जड, त्याच्यामागे बर्फाला तडा गेला की नाही, यातलं काहीच मागात लिहिलेलं नसतं.

---

पहारवाला | सकाळी १०:५०

बेधडक, तुम्ही पंधरा वर्षं सुखरूप आहात याचा मनापासून आनंद आहे. पण वेगाचं जे लिहिलंत ते नवीन माणसाने वाचू नये असं मला वाटतं.

गाडी बर्फावरून जाते तेव्हा बर्फ खाली वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. विशिष्ट वेगाला ती लाट गाडीबरोबरच धावते आणि बर्फ जास्त वाकतो. काठाजवळ, उथळ पाण्यात, तीच लाट आपटून परत येते. पातळ बर्फ काठाशी पोहोचता पोहोचता फुटतो, तो यामुळेही. स्नोमोबाइल ट्रकच्या मानाने हलकी खरी, पण आपण बोलतोय ते पाच इंचाबद्दल.

आणि रात्रीचं काय? दिव्याचा उजेड पोहोचतो त्याहून तुमचं थांबण्याचं अंतर जास्त असेल, तर समोर उघडं पाणी दिसेपर्यंत तुम्ही त्यात असता. मोकळ्या बर्फावर ब्रेक दाबून पट्टा घसरतच राहतो. राज्याची कमाल मर्यादा ताशी ५० मैल आहे, पण कोवळ्या बर्फावर रात्री तोही वेग मला फार वाटतो. खरं तर सुरुवातीच्या बर्फावर रात्री जाऊच नये.

---

तळ्याकाठी | दुपारी १२:१५

हा धागा सकाळपासून वाचतेय. लिहावं की नाही ठरत नव्हतं. बेधडक यांची पोस्ट वाचली आणि लिहायला बसले.

सहा वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पाण्यात गेले. माग होता. एक सोडून तीन-चार होते. आम्ही दोन गाड्यांवर होतो, नवरा पुढे, मी मागे साधारण शंभर फुटांवर. तळ्याचे दोन भाग जिथे चिंचोळे होऊन मिळतात तिथून जायचं होतं. नवऱ्याची गाडी पार झाली. त्याच्या पट्ट्याच्या मागात मला काहीतरी ओलं चमकलं. हिम पांढरं असतं, माग निळसर दिसतो, आणि हा राखाडी होता. मला दिसलं, पण कळेपर्यंत पुढची स्की खाली गेली.

आवाज मोठा नव्हता. जाड पुठ्ठा ओला होऊन फाटावा तसा. पाणी छातीला लागलं आणि श्वास आपोआप आत ओढला गेला, माझ्या इच्छेचा त्यात काहीच भाग नव्हता. तोंड पाण्याबाहेर होतं म्हणून वाचले. सूटमध्ये अडकलेल्या हवेने थोडा वेळ तरंगत ठेवलं. पुढे जायचा प्रयत्न केला, कारण नवरा पुढे होता. प्रत्येक वेळी कड मोडायची. मग शिकवलेलं आठवलं: ज्या दिशेने आलात तिकडेच वळा, तिथल्या बर्फाने तुम्हाला निदान तिथवर तरी पेललंय. वळले. गळ्यात दोन खिळे होते, लाकडी मुठीचे, दोरीने बांधलेले. ते बर्फात रोवले, पाय मागे पोहल्यासारखे मारले आणि पोटावर सरकत वर आले. उभी राहिले नाही, लोळतच वीस-पंचवीस फूट गेले. नवऱ्याने लांबून दोरी टाकली. तो जवळ आला असता तर आम्ही दोघंही गेलो असतो.

त्या चिंचोळ्या भागात खाली प्रवाह असतो. तीन-चार गाड्या गेल्या होत्या, प्रत्येकीने बर्फ थोडा थोडा सैल केला होता, आणि पाचवी माझी होती. ते खिळे मी त्या दिवशी केवळ सासूबाईंनी दाराशी आठवण केली म्हणून घातले होते. माग हा पुरावा नाही हो. कृपा करून असं नवीन लोकांना सांगू नका.

---

हिमगौरी | दुपारी १२:२२

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचून हात थंड पडले.

---

बेधडक | दुपारी १२:५०

तळ्याकाठी, तुमचं वाचलं. मागाबद्दलचं माझं वाक्य मी परत घेतो. धाग्यात राहू दे, म्हणजे पुढची उत्तरं कशाला आहेत ते कळेल. वेगाबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पायाखाली तडकायला लागलं तर जागीच थांबू नये, जिथे जाड बर्फ आहे तिकडे वळत राहावं, एवढं तरी मान्य कराल?

---

पहारवाला | दुपारी १:०५

एवढं मान्य. संकटात थांबू नये हे खरं. पण मुळात त्या संकटात वेगाने शिरू नये, एवढाच माझा मुद्दा.

---

आकडेमोड | दुपारी २:३०

पेशाने बांधकाम अभियंता आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. पेन घेऊन बसलात तर पाच मिनिटांत होईल.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमधल्या लॉर्न गोल्ड यांचं सूत्र बर्फावरच्या भारासाठी आजही वापरतात: भार = ३.५ × जाडी × जाडी. भार किलोत, जाडी सेंटिमीटरमध्ये, बर्फ स्वच्छ आणि अखंड. जाडीचा वर्ग आहे, म्हणून जाडी निम्मी झाली की ताकद निम्मी नाही, पाव होते.

१३ सेंमी, म्हणजे साधारण ५ इंच: ५९० किलो.
१० सेंमी: ३५० किलो.
८ सेंमी: २२४ किलो.

आता स्नोमोबाइल अडीचशे किलोच्या आसपास, त्यात पेट्रोल, कपड्यांसकट चालक, म्हणजे साडेतीनशे सहज. मागे धाकटा भाऊ बसला की सव्वाचारशेच्या वर. उत्तरवारा, तुमचा ५ इंच बर्फ स्वच्छ असेल तर दोघांना पेलेल. तोच दुधी असेल तर निम्मी ताकद धरा, २९५ किलो, म्हणजे एकट्यालाही नाही. आणि पाणी वर आलेली ओली भेग असेल तर तिच्याजवळ पुन्हा निम्मं धरतात. पाचाचे चार इंच व्हायला तळ्यावर दहा पावलं पुरतात, आणि हा हिशेब थेट काठावर येऊन उभा राहतो.

वाढीचाही हिशेब आहे. रोजची सरासरी शून्याखाली किती ते घ्या आणि दिवसांची बेरीज करा. पाच दिवस सरासरी उणे १० म्हणजे ५०. त्याचं वर्गमूळ साधारण ७. उघड्या, बिनहिमाच्या तळ्यावर त्याला दोन ते अडीचने गुणा: १४ ते साडेसतरा सेंमी. हिम असेल तर दीडनेच गुणा, दहा-साडेदहा सेंमी. इथेही वर्गमूळ असल्यामुळे जाडी दुप्पट व्हायला चौपट थंडी लागते. पहिले दोन इंच पटकन येतात आणि माणूस फसतो, त्याला वाटतं उरलेलेही त्याच वेगाने येतील.

हा हिशेब कधी बघायला जायचं हे ठरवायला. गाडी घालायची की नाही हे पहार आणि गिरमिटच ठरवणार.

---

जिज्ञासा | दुपारी ३:१०

मी लडाखला चादरवर चालले आहे, झंस्कार नदीवर. तिथले वाटाडे पुढे चालत काठीने बर्फ ठोकत जायचे आणि नुसत्या आवाजावरून वाट बदलायचे. तळ्यावर तसं करता येतं का?

---

रानवाट | दुपारी ३:२५

ठोकण्याचं तत्त्व तेच. पण नदीचा बर्फ आणि तळ्याचा बर्फ यांना एका मापाने मोजू नये. नदीखाली प्रवाह सतत बर्फ खात असतो, आजची वाट उद्या नसते. तळ्यावर ज्या जागा नदीसारख्या वागतात त्याच टाळायच्या: ओढा येऊन मिळतो तिथे, पाणी बाहेर पडतं तिथे, पुलाखाली, चिंचोळ्या भागात, तळातल्या झऱ्यांवर. बीव्हरच्या घराभोवती ते प्राणी येजा करत बर्फ पातळ ठेवतात. बदकं आणि हंस एकाच जागी बसून पाणी उघडं राखतात. ते उडून गेले की त्या जागेवर एका रात्रीत कातडीएवढा बर्फ येतो आणि वरून हिम पडलं की काही म्हणता काही कळत नाही. उत्तरवारा, गोठायच्या आठवड्यात पक्षी कुठे बसत होते ते आठवा.

आणि ज्यांच्या धक्क्याला बुडबुडे सोडणारं यंत्र लावलंय त्यांच्या आसपास फिरकूच नका.

---

लुमी | दुपारी ३:४०

फिनलंडहून. इथे स्नोमोबाइलला साधारण १५ सेंमी धरतात, म्हणजे तुमच्या ५ ते ७ इंचांच्या मधलाच आकडा. पण मला नेहमी जास्त जाणवते ती सवय. तळ्याकाठी ताईंनी लिहिलेले ते खिळे, इथे त्यांना नास्कालित म्हणतात, बर्फावर जाणाऱ्याच्या गळ्यात असतातच. माझ्या मुलीने टोपी विसरली तर चालतं, खिळे विसरली तर तिलाच चैन पडत नाही. खिशात ठेवू नका. ओल्या, बधिर बोटांनी चेन उघडत नाही.

---

रात्रपाळी | संध्याकाळी ५:५५

थोडं विषयांतर. बर्फ ओरडतो त्याबद्दल कुणी लिहिलंच नाही! आमच्याकडे कडक थंडीच्या रात्री तळ्यातून असे आवाज येतात की पहिल्या वर्षी आम्ही दिवे लावून बाहेर आलो होतो. प्यूंऽऽ करत एक सूर दूरवर पळतो, मग ढोल वाजावा तसा दणका.

---

आकडेमोड | संध्याकाळी ६:२०

रात्रपाळी, छान आठवण. तापमान बदललं की बर्फ आकसतो, पसरतो, आणि भेग पडते. त्या हादऱ्यातले उंच सूर बर्फातून खालच्या सुरांपेक्षा वेगाने धावतात, म्हणून लांबच्या माणसाला आधी चिरका आणि मग खर्जातला असा घसरत येणारा 'प्यूं' ऐकू येतो. पातळ बर्फाचा स्वर उंच, जाड होत जाईल तसा उतरत जातो. पण आवाज येतो म्हणजे बर्फ धोक्याचा असं नाही, आणि शांत आहे म्हणजे भक्कम असंही नाही. एवढं मात्र खरं की पारा एकदम खूप घसरला की नव्या भेगा पडतात. अशा वेळी एक दिवस थांबून मग जावं.

---

नाडीपरीक्षा | संध्याकाळी ७:३०

डॉक्टर आहे, आणीबाणी विभागात काम करते. ताईंनी जो 'आपोआप आत ओढला गेलेला श्वास' लिहिला त्याबद्दल सांगायलाच हवं.

मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हे तीन आकड्यांत बसवलंय: १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास काबूत आणायला. त्या मिनिटात फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवा, बाकी काही करू नका. पुढची १० मिनिटं हातापायांत कामाची ताकद असते, बाहेर पडायचं ते याच वेळात. आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. लोकांना वाटतं पाण्यात पडलो की दोन मिनिटांत सगळं संपतं, म्हणून ते घाबरून पहिल्या मिनिटातच सगळी शक्ती घालवतात. तुमच्याकडे वेळ असतो. लाइफ जॅकेट असेल तर हात थकल्यावरही तोंड वर राहतं, म्हणून ते सूटच्या वर हवंच.

बाहेर काढलेल्या माणसाला आडवं ठेवा, चालवू नका. ओले कपडे उतरवा, कोरडं गुंडाळा, अंगाचा मधला भाग आधी गरम करा. हातपाय चोळू नका. दारू अजिबात नको. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गरम गोड पेय. तो 'मी ठीक आहे' म्हणाला तरी मदत बोलवा. मदत येईपर्यंत ठीक न राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

---

बेधडक | रात्री ८:१५

एक उपयोगाची गोष्ट माझ्याकडूनही. सुरुवातीच्या बर्फावर हिम कमी असेल तर गाडीचंच नुकसान होतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला पट्ट्यातून उडणारं हिम लागतं, पट्ट्याखालच्या प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्याही हिमावरच निसटतात. उघड्या बर्फावर दहा मिनिटांत तापमानाचा दिवा लागतो. मग माणूस गाडी थंड करायला थांबतो, तेही तळ्याच्या मध्यावर. स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडणाऱ्या तारा, लावले तर थोडं हिम उडतं, पण मुळात हिमच नसेल तर तेही काय उडवणार.

पहारवाला, पहार कोणत्या लांबीची घ्यावी? माझ्याकडे नाही.

---

पहारवाला | रात्री ८:३०

छातीपर्यंत येईल अशी. वरच्या टोकाला दोरीचा फास हवा आणि तो मनगटात. एका घावात आरपार गेली की हातातून सुटून तळाशी जाते. माझी पहिली तशीच गेली.

मोठ्या तळ्यावर जाणार असाल तर वाऱ्याकडेही बघा. २०२३च्या डिसेंबरअखेरीस अप्पर रेड लेकवर काठापासून बर्फ सुटला आणि मासेमारीला गेलेल्या शंभराहून जास्त लोकांना बाहेर काढावं लागलं. त्यांच्या पायाखालचा बर्फ पेलणारा होता. काठाशी असलेलं नातं तेवढं तुटलं.

---

उत्तरवारा | २५ नोव्हेंबर, दुपारी १:४०

सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळी उत्तरं दोनदा वाचली. शेजारच्या काकांकडून पहार आणली, त्यांच्याच आग्रहाने लाइफ जॅकेटही. आज सकाळी भावाला दोरी देऊन काठावर उभं केलं आणि पायी निघालो.

धक्का: साडेपाच इंच. भोकाची कड बघितली, वरचा दीड इंच दुधी, खाली चार इंच काळा. दीडशे फुटांवर: पाच, त्यातला जवळपास दोन दुधी. तीनशेवर: साडेचार. पाणी भोकाच्या अगदी कडेशी आलेलं. त्यापुढे समोरच्या टेकाडाचा सुळका तळ्यात घुसतो आणि पाणी निमुळतं होतं. तिथे हिमाचा ढीगही जास्त होता. दोन घाव टिकले. पुढची दोन पावलं, आणि तिसऱ्या घावाला पहार मनगटापर्यंत खाली. पाणी आलं ते काळं, फुगत, बुटाच्या टोकापर्यंत.

मी पाय न उचलता मागे सरकलो. नंतर काठावरून दुर्बिणीने पाहिलं. परवाचा तो माग त्या भोकाच्या डावीकडून, जास्तीत जास्त वीस पावलांवरून गेलाय. आणि रानवाट, पक्ष्यांचं तुम्ही लिहिलंत ते आठवलं: गोठायच्या आठवड्यात हंसांची जोडी तिथेच असायची. मी फोटोही काढले होते.

मित्रांना फोटो आणि आकडे दोन्ही पाठवलेत. एकाने विचारलं, गेलेला माणूस कोण होता. अजून कळलेलं नाही. काकांनी आणि मी सुळक्याच्या अलीकडे, पाच इंच बर्फ भरला त्या टप्प्यातच, फांद्या रोवून लाल कापड बांधलं.

---

तळ्याकाठी | दुपारी १:५२

पोस्ट वाचून डोळे भरून आले. भावाला काठावर दोरी घेऊन उभं केलंत हे सगळ्यात चांगलं.

---

रानवाट | दुपारी २:१०

लाल कापडाबद्दल विशेष धन्यवाद. समोरच्या काठावरूनही लावता आलं तर बघा, तिकडून येणाऱ्याला तुमच्या फांद्या दिसणार नाहीत.

---

आकडेमोड | दुपारी २:२५

दुधी थराचा अर्धा भाग धरून हिशेब केला तर दीडशे फुटांवर तुमचा पाच इंच हा खरा चार इंच. चालायला ठीक, गाडीला नाही. पुढचे पाच दिवस पारा काय म्हणतोय?

---

उत्तरवारा | २६ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

उद्यापासून तीन दिवस उणे १४ च्या आसपास, हिम नाही. आज सकाळी कालच्या धक्क्याजवळच्या भोकात नवा बर्फ सव्वा इंच भरला. रानवाट, समोरच्या काठाला काल संध्याकाळी रस्त्याने जाऊन तिकडूनही कापड बांधलं. शनिवारी पुन्हा पायी जाऊन त्याच जागा मोजतो आणि आकडे इथेच टाकतो. तोवर गाडी शेडमध्ये. भावासाठी खिळ्यांची दुसरी जोडी घेतली आहे. आज रात्री दोरीची लांबी त्याच्या गळ्याला बेतून बांधणार आहे.